शेवटचं पान कुणी फाडलं?

“‘आणि दार उघडलं. समोर...’”

एवढं वाचून मोजपट्टी थांबला.

“पुढे वाच ना,” शंका म्हणाली.

“पुढे पुठ्ठा आहे.”

“पुठ्ठा म्हणजे?”

“पुठ्ठा म्हणजे पुठ्ठा. पुस्तक संपलं. पण गोष्ट संपली नाहीये,” असं म्हणून मोजपट्टीने पुस्तक तिच्यापुढे धरलं. शेवटच्या पानाच्या जागी बोटाच्या पेराएवढी कागदाची पट्टी तेवढी उरली होती. बाकीचं पान कुणीतरी काढून नेलं होतं.

सुट्टीच्या दुसऱ्या आठवड्यातली ही बुधवारची सकाळ. वाचनालयाच्या जिन्याखालच्या बाकावर तिघे बसले होते आणि गेला तासभर गोष्टीतली एक मुलगी आपल्या पांगलेल्या घरच्यांना शोधत गावोगाव फिरत होती. एक भाऊ खाणीत, बहीण कुणा नातेवाइकांकडे, वडील बोटीवर. शेवटी ती आपल्या जुन्या घराशी येऊन पोचली, तिने दार वाजवलं, ते उघडलंही, आणि समोर पुठ्ठा! शंकाच्या धाकट्या भावाचा चेहरा रडवेला झाला.

या धाकट्याला सगळे भोंगा म्हणत. त्याच्या पोटात काही राहत नसे; सकाळी त्याला सांगितलेलं गुपित दुपारी कोपऱ्यावरच्या न्हाव्यालाही ठाऊक असे. मोजपट्टी हा सुताराचा मुलगा, तेरा वर्षांचा, अंगाने सरळसोट, आणि खिशात सदैव पट्टी. आणि शंका? शाळेच्या हजेरीपटावर तिचं नाव वेगळं होतं, पण ते फक्त शाळेतच चाले. तिला सगळ्यांचा संशय येई. सुट्टीच्या पहिल्या आठ दिवसांत तिने आपल्या संशयितांच्या वहीत चौदा नावं लिहिली होती. त्यांत दूधवाला होता (कारण तो फार आनंदात असतो), शेजारची मांजर होती आणि स्वतःचे बाबाही होते, कारण ते गॅलरीत जाऊन हळू आवाजात फोनवर बोलत. बाबा दातांच्या डॉक्टरांची वेळ घेत होते हे नंतर कळलं, तरी नाव खोडायला तिचं मन होईना.

आज मात्र खराखुरा गुन्हा समोर आला होता. शंका ताडकन उठली.

वाचनालय एवढंसं होतं. दोन खोल्या, सहा कपाटं, एक लांब टेबल. ते सांभाळणाऱ्या बाई तीन आठवड्यांपूर्वी स्टुलावरून पडल्या होत्या आणि पाय प्लॅस्टरमध्ये घालून घरी बसल्या होत्या. त्यांच्या जागी सेक्रेटरीकाका येत. काकांचा सारा जन्म बस डेपोत वेळापत्रक सांभाळण्यात गेला होता. कुठल्याही कामाला दोन मिनिटांच्या वर लागलं की त्यांना बस चुकल्यासारखं वाटे. आल्या आल्या त्यांनी जुनी पुस्तकं ठीकठाक करायचा धडाका लावला होता. ठीक झालेली पुस्तकं एका बंद कपाटात जमत होती आणि ती आज सकाळीच परत मांडणीवर आली होती.

फाटकं पुस्तक पाहून काकांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी आजच मांडलेली सगळी पुस्तकं टेबलावर ओतली. चौघांनी मिळून एकेकाचा शेवट तपासला. एक, दोन, पाच, नऊ. बरोबर अकरा पुस्तकांचं शेवटचं पान गायब होतं, आणि सगळी एकाच फळीवरची, मुलांची सर्वांत आवडती. दोस्तांच्या गोष्टी, हरवलेल्या भावंडांच्या गोष्टी, घर सुटलेल्या आणि नवं घर शोधणाऱ्या मुलांच्या गोष्टी.

वाचनालयात प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड असे. पुस्तक कुणी नेलं की त्याचा सभासद क्रमांक त्या कार्डावर लिहीत. काकांनी अकरा कार्डं पत्ते पिसावेत तशी झरझर काढली आणि टेबलावर मांडली. प्रत्येक कार्डावर सगळ्यांत खालचा क्रमांक एकच होता. दोनशे चौदा.

“हं,” काका म्हणाले. “शिंपीणमावशींची भाची.”

तिला सगळे ‘नवी’ म्हणत. दोन महिन्यांपूर्वी ती आणि तिचा पाच वर्षांचा भाऊ आपल्या मावशीकडे राहायला आले होते. का आले, हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. ती फारसं बोलत नसे. वाचनालयात यायची, जुन्या पुस्तकांच्या फळीपाशी उभी राहायची, एकेक पुस्तक मागून उघडून पाहायची, एक निवडून निघून जायची.

“मागून उघडते,” शंका पुटपुटली आणि वही काढली.

काकांनी तिथल्या तिथे निकाल लावला. शनिवारी सकाळी दहाला समितीची बैठक होतीच. तिथे दोनशे चौदाचं नाव कमी करायचं. बाहेरून आलेल्या मुलांना इथे कुणा मोठ्या माणसाच्या सहीवर सभासद करून घेत. मावशींनी भाचीसाठी सही केली होती, तेव्हा त्यांनाही पत्र जाईल. शंकाने मान डोलावली. तिला सगळं अगदी चोख वाटलं.

तासाभरात ही बातमी सगळ्या गल्लीभर झाली. भोंग्याचं काम होतं ते, सांगायला नको.

*

गुरुवारी सकाळी शंका आणि मोजपट्टी शिंपीणमावशींच्या दुकानासमोरच्या कट्ट्यावर शेंगा सोलत बसल्याचं सोंग करत होते. भोंग्याला घरी ठेवलं होतं. तो दर पाच मिनिटांनी येऊन “काही कळलं का?” असं विचारून जाई, एवढंच.

दुकान म्हणजे रस्त्याकडे उघडणारी एक खोली. पुढे पायमशीन, मागे कापायचं टेबल, भिंतीला टांगलेले अर्धवट कोट. मावशी मशीन चालवत होत्या. नवीचा भाऊ खाली बसून बटणांच्या रांगा लावत होता. आणि टेबलाच्या कोपऱ्याशी, कापडाच्या गठ्ठ्याआड, नवी खाली मान घालून काहीतरी करत होती. मध्येच ती मान वर करून रस्त्याकडे बघे आणि पुन्हा वाकून बसे.

मोजपट्टीने आदल्या दिवशी अकराही पुस्तकांच्या फाटलेल्या कडा तपासल्या होत्या. त्याने आपला अहवाल दिला. पान हाताने ओरबाडलेलं नाही. त्यावर पट्टी दाबून, वरून खाली, एका झटक्यात फाडलंय. सगळी अकरा तशीच. उरलेली पट्टी प्रत्येक वेळी दीड सेंटिमीटरची.

“शिंप्याच्या दुकानात पट्टी असतेच,” शंका म्हणाली आणि लिहून घेतलं.

अकराच्या सुमाराला नवी बाहेर आली. तिच्या हातात एक पाकीट होतं, चांगलं जाडजूड. उजव्या हाताची दोन बोटं शाईने निळी झाली होती. ती झपझप चालत कोपऱ्यावरच्या टपालपेटीशी गेली, पाकीट आत टाकलं आणि ते खाली पडल्याचा आवाज येईपर्यंत पेटीला कान लावून उभी राहिली. वळते तर समोर शंका.

“काय टाकलंस?”

“पत्र.”

“एवढं जाड? काय होतं त्यात?”

“कागद,” नवी म्हणाली. मग तिने बोटं मुठीत लपवली आणि निघून गेली.

कागद! शंकाला आणखी काय हवं होतं? पानं फाडायची, पाकिटात भरायची, कुठेतरी धाडायची. एखादी टोळीच असणार. तिने वहीत तीनदा अधोरेखित केलं.

दुपारी वाचनालयात नवी बाकावर येऊन बसली, तशी बाकावरची चार पोरं उठून दुसरीकडे गेली. बाहेर अंगणात तिचा छोटा भाऊ गोट्या खेळणाऱ्यांच्यात जाऊन उभा राहिला, तर एकाने त्याला सांगितलं, पान फाडणाऱ्यांना आम्ही घेत नाही. त्याला पान फाडणं म्हणजे काय तेही कळलं नाही. तो आपला गोटी हातात घेऊन उभाच राहिला.

शंकाने हे खिडकीतून पाहिलं. तिला बरं वाटायला हवं होतं. चोर पकडल्यावर गुप्तहेरांना वाटतं तसं. पण तिला अजिबात बरं वाटेना. रात्री जेवताना तिने भाजी ताटात तशीच ठेवली. आईने विचारलं तेव्हा ती म्हणाली, भाजी तिखट आहे. भाजी मुळीच तिखट नव्हती.

*

शुक्रवारी सकाळी शंका एकटीच दुकानात गेली. सरळ विचारायचं, असं तिने ठरवलं होतं. मावशी कुणाचं तरी माप घ्यायला बाहेर गेल्या होत्या. नवी कापायच्या टेबलाशी बसली होती, समोर वाचनालयाचं पुस्तक उघडं होतं. शेवटच्या पानावर. शेजारी एक कोरा कागद, आणि त्यावर निळ्या शाईत अर्धं पान लिहून झालेलं.

शंकाने कागद पाहिला, पुस्तक पाहिलं. शब्द तेच होते. पान पुस्तकात शाबूत होतं आणि नवी ते उतरवून घेत होती.

“हे काय चाललंय?”

नवीने आधी कागद झाकला. मग काय वाटलं कोण जाणे, हात काढून घेतला.

“आईसाठी,” ती म्हणाली.

आणि मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तिची आई इथून खूप दूर एका मोठ्या रुग्णालयात होती. पाठीचं मोठं ऑपरेशन झालं होतं, आणि अनेक आठवडे तिला उताणं पडून राहायचं होतं. बाबा तिच्यापाशी होते. वॉर्डात फोन दिवसातून पाच मिनिटं मिळे. त्या पाच मिनिटांत नवी आईला गोष्ट सांगे, रोज थोडी थोडी. पण शेवट आईला पुस्तकातल्याच शब्दांत हवा असे. उताणं झोपून पुस्तक धरता येत नाही. एक सुटा कागद मात्र बाबा सलाइनच्या स्टँडला चिमट्याने अडकवतात, मग तो आईच्या डोळ्यांसमोर येतो. सांगितलेल्या गोष्टीचा शेवट आला की ती तो दिवसभर पुन्हा पुन्हा वाचते.

“ती म्हणते, पुढचा शेवट येईपर्यंत मला दम धरता येतो,” नवी म्हणाली. “उद्या माझं नाव कमी केलं की मी तिला काय पाठवू?”

शंकाच्या वहीत दूधवाल्यापासून मांजरीपर्यंत सगळ्यांसाठी जागा होती, पण हे कुठे लिहायचं ते तिला कळेना. तरी सवय ती सवय.

“मग आमच्याच आवडीची पुस्तकं का? नव्या पुस्तकांचं कपाट सोडून? या सुट्टीत सगळे नव्या कपाटावर तुटून पडलेत, तू एकटी जुन्या फळीपाशी असतेस. आणि पुस्तक मागून का उघडतेस?”

नवीचे कान लाल झाले. तिने पुस्तक मिटलं आणि मागून उघडून दाखवलं. शेवटच्या पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर परतीच्या तारखांची चिठ्ठी चिकटवलेली होती. दर वेळी पुस्तक नेलं की तिच्यावर एक शिक्का पडे. ही चिठ्ठी वरपासून खालपर्यंत शिक्क्यांनी भरली होती. शेवटच्या ओळीवरचा शिक्का नवीचा होता.

“ज्याच्यावर सगळ्यांत जास्त शिक्के असतील ते मी घेते,” ती म्हणाली. “तुम्ही सगळे मध्येच काहीतरी बोलता आणि हसता. ते पुस्तकातलं असतं. मला कळत नाही. म्हटलं, सगळ्यांनी वाचलंय ते आपण आधी वाचावं. मग मलाही हसता येईल.”

शंका त्या चिठ्ठीकडे बघत राहिली. तिला नवीची लाज वाटली नाही, स्वतःची वाटली, आणि चांगलीच वाटली. पण त्याच वेळी तिच्या डोक्यात काहीतरी टोचू लागलं. ही चिठ्ठी भरलेली होती. त्या अकरा पुस्तकांच्या चिठ्ठ्या कशा होत्या? पांढऱ्याशुभ्र. कोऱ्या. आणि त्या शेवटच्या पानामागे नव्हत्याच, पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवल्या होत्या.

“जुन्या चिठ्ठ्या कुठे गेल्या?” शंका मोठ्यांदा म्हणाली.

“काय?”

“चल माझ्याबरोबर. धाकट्यालाही घे.”

*

वाचनालयाच्या बाई आपल्या घरी खुर्चीत बसल्या होत्या, प्लॅस्टरमधला पाय स्टुलावर. तेच स्टूल, ज्यावरून त्या पडल्या होत्या. मोजपट्टी आणि भोंगा वाटेत सामील झाले होते. शंकाने सगळं सांगितलं, मोजपट्टीने दीड सेंटिमीटरचं सांगितलं, आणि भोंग्याने तेच सगळं पुन्हा सांगितलं.

बाईंनी डोळे मिटून घेतले. मग त्यांनी समजावलं. मुलांची पुस्तकं वाचून वाचून खिळखिळी झाली की त्या स्वतः ती शिवून नव्या पुठ्ठ्यात बसवत. अशा पुस्तकांत मागे कोरं पान उरत नसे. म्हणून चिठ्ठी शेवटच्या छापील पानाच्या मागच्या बाजूला. भरली की तिच्यावर ओलं फडकं ठेवायचं, पाव तास थांबायचं, चिठ्ठी अलगद सुटते. मग नवी लावायची.

“पाव तास?” मोजपट्टी म्हणाला.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सेक्रेटरीकाका पाव तास कशासाठीच थांबले नसते, स्वतःच्या वाढदिवसालाही नाही. त्यांनी काय केलं असणार ते लख्ख दिसत होतं. चिठ्ठी भरलेली दिसली की पट्टी दाबायची, चिठ्ठीसकट पान काढायचं, पुठ्ठ्यावर नवी चिठ्ठी डकवायची. पुढचं पुस्तक. आणि चिठ्ठी भरलेल्या पुस्तकाच्या कार्डावर शेवटचा क्रमांक कायम दोनशे चौदाच, कारण शेवटची एक ओळ उरलेली पुस्तकं नवी मुद्दाम शोधून नेत होती.

बाईंनी काकांना फोन लावला. “सगळं झकास चाललंय, बाई, तुम्ही पायाकडे लक्ष द्या,” असं म्हणून काकांनी तो ठेवूनही दिला. पुन्हा लावला तर उचलला नाही.

“वीस वर्षांत या माणसाने माझं तीनदा ऐकलंय,” बाई म्हणाल्या. “त्याला दाखवावं लागेल.”

दाखवायचं कसं, ते शंकाने सांगितलं. बाईंकडे घरी दुरुस्तीला आणलेलं एक पुस्तक होतं, त्याच्या चिठ्ठीवर एकच ओळ रिकामी होती. बाईंनी ओलं फडकं ठेवलं. पाव तास पाचजण आणि एक छोटा भाऊ असे सहाजण गप्प बसले. भोंग्याच्या आयुष्यातला तो सर्वांत लांब पाव तास होता. चिठ्ठी सुटली. मोजपट्टीने पुस्तकाच्या मापाचा एक जादा कागद कापून शेवटच्या पानामागे असा चिकटवला की तो पुस्तकातलाच वाटावा. त्याच्या मागच्या बाजूला चिठ्ठी लावली. आणि पुढच्या बाजूला नवीने आपल्या सुरेख अक्षरात, शंकाने सांगितली ती एक ओळ लिहिली.

भोंग्याला शपथ घातली. त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं आणि उद्या दहापर्यंत ते सोडणार नाही असं कबूल केलं. जेवताना काय, हा प्रश्न त्याने हातांतूनच विचारला.

तीन वाजता शंकाने ते पुस्तक काकांसमोर नेऊन ठेवलं. आपला क्रमांक सांगितला, सदतीस. काकांनी कार्डावर लिहिलं आणि शेवटच्या ओळीवर शिक्का मारला. पाचला तिने ते परत केलं. काकांनी ते मागून उघडलं, चिठ्ठी भरलेली पाहिली आणि आपल्या डाव्या हाताच्या गठ्ठ्यावर टाकलं. त्या गठ्ठ्याशेजारी स्टीलची पट्टी होती. शंकाने तिच्याकडे बघायचं कटाक्षाने टाळलं.

*

शनिवारी दहाला लांब टेबलाभोवती समिती बसली. मधोमध अध्यक्ष डॉक्टरबाई. याच त्या दातांच्या डॉक्टर, ज्यांच्यामुळे शंकाचे बाबा वहीत गेले होते. एका टोकाला शिंपीणमावशी, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. त्यांच्या मागे नवी आणि तिचा भाऊ. काकांनी अकरा पुस्तकं आणि अकरा कार्डं मांडली आणि दोन मिनिटांत सगळं सांगून संपवलं.

“हिने असं केलं असेल तर मी भरून देईन,” मावशी म्हणाल्या. “पण नाव काढू नका. तिचं सगळं त्या पुस्तकांवर चाललंय.”

“शिस्त म्हणजे शिस्त,” काका म्हणाले.

शंका पुढे आली. तिने बोलायची परवानगी मागितली आणि काकांना विचारलं, बारावं पुस्तक पाहायचं का? काल तिने परत केलेलं. काका गोंधळले. त्यांनी बंद कपाटातून ते आणलं. पुठ्ठ्यावर कोरी चिठ्ठी होती, आणि तिच्याआधी दीड सेंटिमीटरची पट्टी उरली होती. मोजपट्टीने मोजून दाखवली.

“हेही फाटलं?” काकांनी कार्ड काढलं. “पण शेवटचा क्रमांक सदतीस आहे.”

“तो माझा,” शंका म्हणाली. “मग माझंही नाव कमी करा. नाहीतर काका, तुम्ही त्या रद्दीच्या टोपलीतून काल संध्याकाळी टाकलेला कागद काढा.”

रद्दी सोमवारी जात असे. टोपली टेबलाखालीच होती. काकांनी वाकून सगळ्यांत वरचा कागद काढला. त्यावर भरलेली चिठ्ठी होती.

“ही जुनी चिठ्ठी. कोऱ्या पानावरची. मीच काढली. भरलेली चिठ्ठी काढायची नाही तर काय करायचं?”

“पान उलटा ना, काका.”

काकांनी पान उलटलं. चष्मा वर केला, खाली केला. डॉक्टरबाईंनी कागद त्यांच्या हातातून घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचला. “‘हे पान फाडणाऱ्याने ते आधी उलटून पाहिलं नाही.’”

आता भोंग्याने हात सोडले. “काकांनीच फाडली! सगळीच्या सगळी!”

खोलीत कुणी हसलं नाही, कारण काका मटकन खाली बसले होते. ते त्या अकरा पुस्तकांकडे बघत होते. या गल्लीतल्या प्रत्येक पोराचा वाढदिवस त्यांना पाठ असे, आणि या वाचनालयासाठी त्यांनी दारोदार फिरून पुस्तकं मागून आणली होती. यांतली चार त्यांनीच आणली होती. माणूस वाईट नव्हता, घाईचा होता.

ते उठले आणि टेबलाला वळसा घालून नवीपुढे जाऊन उभे राहिले.

“बाळ, चूक माझी,” ते म्हणाले. “मी पानही उलटून पाहिलं नाही आणि तुला एका शब्दाने विचारलंही नाही. मला माफ कर.”

“मीही विचारलं नाही,” शंका म्हणाली. “मी तर नुसतंच लिहीत बसले. आणि सगळीकडे सांगू दिलं. माझं जास्त चुकलं.”

नवीने नुसती मान हलवली. तिचा भाऊ मावशींना विचारत होता, आता गोट्या खेळू का? अंगणातून कुणीतरी त्याला हाक मारली आणि तो धूम पळाला.

डॉक्टरबाईंनी पोरांची पाठ थोपटली. समितीने दोनशे चौदा क्रमांक कायम राहील असं लिहून घेतलं. पण मग डॉक्टरबाईंनी एक पुस्तक उघडलं, फाटकी पट्टी पाहिली आणि उसासा टाकला. मागच्या तिन्ही सोमवारची रद्दी केव्हाच गेली होती. पुस्तकं इतकी जुनी की दुसरी प्रत मिळायची नाही. अकरा गोष्टी आता कायमच्या अर्धवट राहणार.

“नाही राहणार,” नवी म्हणाली. एवढ्या लोकांसमोर ती पहिल्यांदाच बोलत होती. “अकराही शेवट आहेत. माझ्या आईकडे.”

*

पाकीट यायला आठवडा लागला. तेवढ्या दिवसांत भोंग्याने टपालवाल्याला इतक्यांदा गाठलं की तो गल्लीत दुसऱ्या टोकाने शिरू लागला. पाकीट आलं तेव्हा ते वाचनालयाच्या लांब टेबलावर सगळ्यांसमोर उघडलं. निळ्या शाईने भरलेले कागद निघाले, प्रत्येकाच्या वरच्या कडेला चिमट्याची खूण. मोजपट्टीने ते पुस्तकांच्या मापाला कापले, बाईंनी घरून खळ करून पाठवली, काकांनी एकेक कागद जागेवर बसवला आणि प्रत्येकावर तळहात ठेवून तो वाळेपर्यंत थांबले. कुणी घड्याळ दाखवलं की ते रागावत.

याच दिवशी नवीचं नाव बदललं. आता तिला नवी म्हणणं बरोबर नव्हतं, असं भोंग्याचं मत पडलं. बरीच भांडणं झाली. शेवटी मोजपट्टीने तिच्या बोटांकडे पाहिलं आणि म्हणाला, “शाई.” तेच ठरलं.

पण कागद मोजले तर दहाच भरले. अकरावा नव्हता. पाकिटाच्या तळाशी एक चिठ्ठी होती, वाकड्यातिकड्या अक्षरांत, उताणं झोपून लिहिलेली. शाईने ती वाचून दाखवली. आईने लिहिलं होतं, दहा पाठवते आहे. एक मात्र ठेवून घेतला आहे, रागावू नका. तो मी स्वतः येऊन चिकटवीन.

कुठलं पुस्तक उरलं, ते शंकाने आधीच ओळखलं होतं. तेच. दार उघडतं आणि समोर पुठ्ठा येतो ते.

“शाई, तुला माहितीये ना? कोण असतं समोर?”

“माहितीये.”

“मग सांग ना!”

“आईला विचारा,” शाई म्हणाली आणि पहिल्यांदाच खळखळून हसली.

शंकाने तिच्या मागे लागून पाहिलं, भोंग्याने आपली सगळ्यांत चांगली गोटी देऊ केली. उपयोग झाला नाही. ते पुस्तक टेबलाच्या खणात तसंच राहिलं आणि सुट्टी संपत आली.

शाळा सुरू व्हायला तीन दिवस होते तेव्हा वाचनालयाच्या दाराशी एक रिक्षा थांबली. आधी शाईचे बाबा उतरले. मग काठी बाहेर आली, आणि काठीमागून, फार सावकाश, शाईची आई. शाईचा भाऊ तिच्या दिशेने झेपावला आणि मध्येच थबकला, कारण पाठीला धक्का लावायचा नाही हे त्याला रोज सांगितलं होतं. त्याने तिचं एक बोट धरलं. शाई दुसऱ्या बाजूला गेली. पायरीपाशी काकांनी खुर्ची आणून ठेवली होती, पण आई म्हणाली की बसून बसून नाही, झोपून झोपून कंटाळले आहे, मी उभीच राहते.

तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. घड्यांवर तो विरत आला होता. काकांनी खळीची वाटी पुढे केली. आईने कागद जागेवर ठेवला, हाताने सारखा केला, आणि मग पोरांचे चेहरे पाहून म्हणाली, “वाळेपर्यंत वाचून दाखवू?”

शंका, भोंगा आणि मोजपट्टी बाकावर सरकून बसले. शाईसाठी मध्ये जागा ठेवली होती. आईने मागच्या पानावरून सुरुवात केली.

“‘आणि दार उघडलं. समोर तिचा भाऊ उभा होता, हातात पळी. त्याच्या मागे बहीण, आणि बहिणीच्या मागे बाबा, टोपी काढून. मग भाऊ म्हणाला, उशीर केलास. तुझं ताट कधीचं वाढून ठेवलंय.’”

शंकाने वही काढली, चौदा नावांवर आणि त्यांच्याखाली तीनदा अधोरेखित केलेल्या पंधराव्यावर काट मारली, आणि बाकावर शाईला नीट बसता यावं म्हणून आणखी थोडी सरकली.